इंजिन न उतरवता बोटीचं जाम स्टिअरिंग कसं मोकळं करायचं

पंचगंगेचे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरांनाही पाठ असतात. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. २०१९ आणि २०२१ चे दोन महापूर बघितल्यावर आमच्या ओळखीतल्या दोन-तीन मंडळांनी फायबरच्या बोटी घेतल्या, मागे आऊटबोर्ड इंजिन, पुढे मोटारीसारखं स्टिअरिंग. पूर ओसरला की बोट शेडमध्ये जाते, वर ताडपत्री पडते, आणि तिची आठवण येते ती थेट पुढच्या जूनमध्ये. तेव्हा स्टिअरिंग हलत नाही.

माझं उद्यमनगरात लेथचं दुकान आहे, बोटीचा आणि माझा मूळचा काही संबंध नाही. मंडळाच्या पोरांनी हाक मारली म्हणून गेलो. एका फिटरनं आधीच निकाल देऊन ठेवला होता: इंजिन उतरवावं लागेल, चेन पुली आणा, चार माणसं लागतील, दोन दिवस मोडतील. ४० एचपीचं इंजिन ७० ते १०० किलोंच्या आसपास भरतं. ते उतरवताना बोटीची मागची फळी तडकते किंवा कुणाचं तरी बोट चिरडतं, त्यामुळे मी एक दिवस मागून घेतला आणि मालवणला फोन लावला. तिथं पर्यटकांच्या बोटींवर आयुष्य काढलेला एक म्हातारा मेकॅनिक माझ्या मेव्हण्याच्या ओळखीचा. तो हसून म्हणाला, "इंजिन कित्याक उतरवतंस? आधी बघ तरी अडकलाहा खंय!"

पुढचं सगळं त्याच्याकडून फोनवर शिकलेलं आणि नंतर चार-पाच बोटींवर हात काळे करून पक्कं झालेलं आहे. हा लेख केबलवर चालणाऱ्या स्टिअरिंगपुरता आहे. तेलाच्या दाबावर चालणारं हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल तर त्याची तऱ्हा वेगळी. इंजिन बोटीच्या पोटात आणि फक्त पाय बाहेर, अशी स्टर्नड्राइव्ह बोट असेल तर तिचा स्टिअरिंगचा दांडा इंजिनाच्या मागे दडलेला असतो, तिथं हे जसंच्या तसं लागू होत नाही. पण आधी शोधायचं आणि मग खोलायचं, हे तिथंही चालतं.

यंत्रणा एकदा डोळ्यासमोर आणा

स्टिअरिंगचं चाक फिरवलं की त्याच्या मागच्या गिअरबॉक्समधून केबलचा आतला गाभा पुढे-मागे सरकतो. केबलच्या मागच्या टोकाला स्टीलचा गुळगुळीत दांडा असतो, जाडी ५/८ इंच, म्हणजे १६ मिलिमीटरला किंचित कमी. हा दांडा इंजिनाच्या ब्रॅकेटमधून आडव्या जाणाऱ्या नळीतून आरपार जातो. त्या नळीला टिल्ट ट्यूब म्हणतात, कारण इंजिन वर उचलताना ते त्याच नळीभोवती फिरतं. दांड्याचं बाहेर आलेलं टोक एका छोट्या वाकड्या पट्टीनं इंजिनाच्या स्टिअरिंग आर्मला जोडलेलं असतं. ही पट्टी म्हणजे ड्रॅग लिंक. दांडा सरकला की पट्टी आर्मला ढकलते आणि अख्खं इंजिन डावी-उजवीकडे वळतं.

इंजिन ज्या उभ्या खुंटावर वळतं तो स्विव्हल. त्याला बाहेरून ग्रीसचे निप्पल असतात.

म्हणजे अडकायच्या जागा चारच: गिअरबॉक्स, केबल, टिल्ट ट्यूब आणि स्विव्हल. माझ्यासमोर आलेल्या बोटींत बहुतेक वेळा गुन्हेगार निघाली ती टिल्ट ट्यूब. कोकणात ती खाऱ्या पाण्यानं गंजते. आपल्याकडे मीठ नाही, पण पुराच्या पाण्यात गाळ असतो. तो ग्रीसमध्ये मिसळला की घासायची पेस्टच तयार होते, आणि मग दहा-अकरा महिने बोट शेडच्या पत्र्याखाली पडून राहिली की त्याचं साबणासारखं घट्ट ढेकूळ बनतं.

सुरू करण्याआधी

हे काम एप्रिल-मेमध्ये करा. पाऊस लागल्यावर सुट्या भागासाठी मुंबईला फोन करत बसायची वेळ येऊ नये.

बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. इंधनाची नळी इंजिनापासून सोडवून टाकी बाजूला, लांब ठेवा. किल स्विचची, म्हणजे ओढली की इंजिन बंद पडतं त्या खटक्याची, दोरी खिशात घाला. बोट ट्रेलरवर असेल तर चाकांना दगड लावा. इंजिन वर उचलून त्याच्याखाली काम करायची पाळी आली तर टिल्टचा लॉक लावल्याशिवाय हात घालू नका.

हत्यारं फार लागत नाहीत. पान्यांचा सेट, मोठा ॲडजस्टेबल पाना, हातोडा, ग्रीस गन, हीट गन, गंज सोडवायचा स्प्रे, जुनी इंजेक्शनची सिरिंज, पॉलिश पेपर, चिंध्या. शिवाय एक पितळी दांडा, १५ मिलिमीटर जाडीचा, टिल्ट ट्यूबपेक्षा वीतभर लांब. हा दांडा कुठल्याही टर्नरकडून पाच मिनिटांत मिळेल. त्याची गरज का लागते ते पुढे येईलच, आणि तो नसला तर काय होतं तेही.

नवीन नायलॉक नट आधीच आणून ठेवा. जुने परत वापरायचे नाहीत. त्यातली नायलॉनची कडी एकदा चावली गेली की दुसऱ्यांदा तशी पकड घेत नाही.

कुठं अडकलंय ते शोधणं

खरं काम हेच. यात अर्धा तास घातला तर दोन दिवस वाचतात.

पहिल्यांदा इंजिनावर स्टिअरिंग घट्ट-सैल करायचा फ्रिक्शनचा स्क्रू किंवा खटका आहे का ते बघा. हातात दांडा धरून चालवायच्या इंजिनांवर तो हमखास असतो. एका गावात मला खास बोलावलं होतं, चहा झाला, मिसळ झाली, आणि शेवटी कुणीतरी तो स्क्रू पूर्ण आवळून ठेवल्याचं निघालं. मी तो सैल केला आणि घरी आलो. पैसे कसले मागणार!

तो स्क्रू ठीक असेल तर ड्रॅग लिंक इंजिनाच्या आर्मपासून सोडवा. आता इंजिन आणि केबल यांचा एकमेकांशी संबंध तुटला. इंजिन खाली, उभ्या स्थितीत ठेवून त्याचा पाय दोन्ही हातांनी धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. वरचं प्लास्टिकचं झाकण धरून ओढायचं नाही, त्याच्या कड्या तुटतात. इंजिन एका माणसाला सहज वळवता आलं तर स्विव्हल निर्दोष आहे. वळलंच नाही किंवा कुरकुरत वळलं तर दुखणं स्विव्हलमध्ये.

मग चाक फिरवून बघा. ड्रॅग लिंक सुटी असताना चाक लोण्यासारखं फिरलं तर केबल, ट्यूब, गिअरबॉक्स तिन्ही ठीक. नाही फिरलं तर जोर लावू नका. चाकावर दोन माणसं लोंबकळली तर आतले गिअरचे दात जातात आणि शंभराच्या कामाचे हजारो होतात.

तिसरी परीक्षा केबल टिल्ट ट्यूबमधून बाहेर काढल्यावर करायची. ट्यूबबाहेर चाक मोकळं फिरलं तर ट्यूबच जाम होती. बाहेर काढूनही जड असेल तर केबल किंवा गिअरबॉक्स. केबल गिअरबॉक्सपासून सोडवून नुसता गिअरबॉक्स फिरवला की त्या दोघांतलं कोण तेही कळतं.

दोन्हीकडे दुखणं असू शकतं, हेही लक्षात असू द्या. आमच्या पहिल्या बोटीत ट्यूबही जाम होती आणि स्विव्हलही.

एक वेगळीच तक्रार असते, चाक जड नाही पण पाण्यात पळताना बोट सारखी एका बाजूला ओढते. ते बहुधा जाम होणं नव्हे. प्रोपेलरच्या वर, आडव्या पात्याखाली एक छोटासा पंख असतो, ट्रिम टॅब. त्याचा बोल्ट सैल करून मागची कड थोडी वळवायची: उजवीकडे ओढत असेल तर उजवीकडे, डावीकडे असेल तर डावीकडे. उलटं वाटतं, पण तसंच आहे.

टिल्ट ट्यूब मोकळी करणं

चाक थोडंफार फिरत असेल तर दांडा जितका आत घेता येईल तितका आत घ्या. मग केबल ज्या बाजूनं ट्यूबमध्ये शिरते तिथला मोठा नट सोडवा. हा नट ट्यूबच्या बाहेरच्या आट्यांवर बसतो. पान्यानं नट फिरवताना केबल सोबत पिळली जात नाही ना, हे दुसऱ्या माणसानं बघायचं.

नट सुटल्यावर नशीब असेल तर केबल हातानं ओढून बाहेर येते. नसेल तर ट्यूबच्या दोन्ही टोकांतून गंज सोडवायचा स्प्रे भरपूर मारा आणि रात्रभर सोडून द्या. घाईच्या माणसाला हे पटत नाही, पण तेलाला आत झिरपायला वेळ लागतो आणि त्याला आपल्या घाईशी घेणंदेणं नसतं.

सकाळी ट्यूबला ऊब द्या. हीट गन मध्यम ठेवून ट्यूबभर फिरवत राहायची, एका जागी धरायची नाही. स्प्रेची वाफही पेट घेते, म्हणून सांडलेला स्प्रे आधी पुसा, शेडची दारं उघडी ठेवा. गॅसची ज्योत वापरू नका: जवळ पेट्रोल आहे, रबर आहे, केबलच्या आत प्लास्टिकचं अस्तर आहे. हीट गन नसेल तर ट्यूबभोवती चिंधी गुंडाळून वरून किटलीभर उकळतं पाणी ओता. वाळलेलं ग्रीस मऊ करायला तेवढंही पुष्कळदा पुरतं, आणि आगीची भीती नाही.

आता ड्रॅग लिंकच्या बाजूनं दांडा ठोकून केबलच्या बाजूला बाहेर काढायचा. इथं मी पहिल्या बोटीवर चूक केली. दांड्याच्या टोकावर थेट लोखंडी हातोडा मारला. टोक मशरूमसारखं पसरलं आणि ट्यूबमध्ये शिरेना, म्हणजे आधी नुसता अडकलेला दांडा मी स्वतःच्या हातानं खिळ्यासारखा करून ठेवला. ते टोक कानशीनं घासून पुन्हा गोल करायला अख्खी दुपार गेली, आणि शेवटी ती केबल टाकूनच द्यावी लागली. म्हणून तो पितळी दांडा. पितळ मऊ, मार खाईल ते पितळ. जाडी १५ मिलिमीटर म्हणजे तो दांड्याच्या मागोमाग ट्यूबमध्ये शिरतो आणि त्याला दुसऱ्या टोकापर्यंत ढकलत नेतो.

मार जोराचा नको, छोटा आणि सारखा हवा. मधेच थांबायचं, परत ऊब, परत स्प्रे. दांडा अर्धवट बाहेर असताना ठोकायची वेळ आली तर दुसऱ्या माणसानं त्याच वेळी चाक दांडा आत ओढण्याच्या दिशेनं फिरवत राहायचं, नाहीतर तुमचा मार गाभ्यातून थेट गिअरबॉक्सच्या दातांवर जातो. बोटीच्या कडेला जागा कमी असेल तर इंजिन किंचित वर उचलून, थोडं वळवून बघा. केबल बाहेर यायला सरळ रेघेत वाट लागते, आणि इंजिन उतरवायचा सल्ला बहुतेक वेळा ही वाट न शोधल्यानं मिळतो.

केबल बाहेर आली की ट्यूबच्या आत टॉर्च मारा. काळा-तपकिरी थर दिसेल. लाकडी दांडीला फट पाडून त्यात पॉलिश पेपरची पट्टी अडकवा, ड्रिलला लावा आणि सावकाश फिरवत आत-बाहेर करा. मग डिझेलमध्ये भिजवलेली चिंधी दोरीनं आरपार ओढा, चिंधी स्वच्छ येईपर्यंत. आमच्या बोटीत अकरा चिंध्या लागल्या. शेवटची कोरडी.

दांडाही तसाच पुसा, बारीक पॉलिश पेपरनं चमकवा आणि त्याच्या अंगाला स्टीलची पट्टी लावून सरळ आहे का बघा. नखाला लागतील असे खड्डे पडले असतील किंवा दांडा वाकला असेल तर केबल बदला. वाकलेला दांडा लेथवर सरळ करून देतो म्हणणारे भेटतील. मी स्वतः लेथवाला आहे, म्हणून सांगतो, देऊ नका.

केबलच खराब असेल तर

गाभा आतून गंजला असेल तर केबलमध्ये वरून तेल सोडून उपयोग नाही. चार दिवस बरं वाटतं, नंतर परत तेच. नवीन केबल घेताना जुनीच्या आवरणावरचा नंबर वाचा. बऱ्याच केबलींच्या नंबरात शेवटचे दोन आकडे फुटांतली लांबी सांगतात. बसवताना कुठंही आठ इंचांपेक्षा कमी त्रिज्येचं वळण येऊ देऊ नका, नाहीतर नवी केबलही पहिल्या दिवसापासून जडच चालते.

स्विव्हल जाम असेल तर

निप्पल पुसून ग्रीस गन लावा. एकानं पंप मारायचा, दुसऱ्यानं इंजिनाचा पाय धरून डावी-उजवीकडे हलवत राहायचं. जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवीन दिसायला लागेपर्यंत थांबायचं नाही. निप्पलमधून ग्रीस जातच नसेल तर निप्पल काढा, भोकातलं वाळलेलं ग्रीस तारेनं उकरा, सिरिंजनं आत गंज सोडवायचं तेल सोडा आणि परत एक रात्र द्या. दुसऱ्या दिवशी ऊब देऊन हलवायला लागा. पहिल्यांदा दोन-चार अंश हलेल. तेवढं हललं की जिंकलात, पुढं ते वाढतच जातं.

दोन रात्री तेल आणि दोन माणसांचा जोर लावूनही इंजिन तसूभर वळलं नाही, तर आतले बुश गेले असं समजा. तिथं मात्र इंजिन उतरवावंच लागतं, हट्ट करू नका.

ग्रीस कसं भरायचं

ग्रीस पाण्याला दाद न देणारं, बोटीसाठीचंच घ्या. गाडीचं एपी-३ हाताशी असतं आणि नडीला चालतंही, पण पाण्यात राहून ते पांढरं पडतं आणि धुऊन जातं. स्प्रे म्हणजे ग्रीस नव्हे. तो सोडवतो, टिकत नाही.

ट्यूबच्या आत आणि दांड्यावर पातळ थर लावून केबल परत सारा, मोठा नट आवळा. ट्यूबला स्वतंत्र निप्पल असेल तर त्यातून ग्रीस भरण्याआधी चाक फिरवून दांडा पूर्ण आत घ्या. दांडा बाहेर असताना ग्रीस भरलं तर तो आत येताना समोर ग्रीसचा गोळा येतो. ग्रीस दाबलं जात नाही, निघायला वाट नसते, आणि स्टिअरिंग मधेच दगडासारखं थांबतं. शेडमध्ये झालं तर हसू येतं. पुराच्या धारेत, बोटीत सात-आठ माणसं बसलेली असताना झालं तर काय होईल, ते प्रयाग चिखलीकडचं पाणी बघितलेल्यांना सांगायला नको.

जोडणी, आणि एक जागा जिथं कोल्हापुरी डोकं चालवायचं नाही

उद्यमनगरात काय बनत नाही? नमुना द्या, संध्याकाळी या. ड्रॅग लिंकमधला झिजलेला बुश गनमेटलचा करून मीही दिला आहे, आणि तो छान चालतोय. पण ड्रॅग लिंक, तिचे बोल्ट आणि नट कंपनीचेच घ्या. बाजारातला त्याच मापाचा बोल्ट दिसायला सारखा असतो. त्याची ताकद आणि गंजाला टिकणं सारखं नसतं. धावत्या बोटीत हा एक बोल्ट तुटला तर इंजिन एका बाजूला पूर्ण वळतं, बोट जागच्या जागी गरगर फिरते, माणसं बाहेर फेकली जातात आणि फिरतं प्रोपेलर परत त्यांच्याच अंगावर येतं. "काय लागतंय" म्हणून सोडून द्यायची ही जागा नाही.

नट किती आवळायचा ते इंजिनाच्या पुस्तकात बघा. बऱ्याच इंजिनांत केबलच्या टोकाकडचा नायलॉक नट बसेपर्यंत आवळून पाव फेरा मागं घ्यायला सांगितलेलं असतं, कारण तो सांधा वळता राहायला हवा. आर्मकडचा बोल्ट मात्र पक्का आवळायचा असतो. दोन्हींची गल्लत करू नका.

जोडून झाल्यावर चाक पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. मग इंजिन पूर्ण वर उचलून पुन्हा तेच. केबल कुठं ताणली जाते का, ड्रॅग लिंक फळीला घासते का, ते डोळ्यांनी बघा. हे राहिलं आणि पहिल्यांदा इंजिन वर उचललं तेव्हा केबलच फळीत अडकून चेपली, असंही मी बघितलंय.

पाण्यातली चाचणी

उन्हाळ्यात आपल्याकडच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना बर्गे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातलेले असतात, त्यामुळे वरच्या अंगाला संथ पाणी साठलेलं असतं. चाचणीला ते चांगलं. बंधाऱ्याच्या भिंतीपासून आणि पोहणाऱ्या पोरांपासून लांब जा. लाइफ जॅकेट घाला, किल स्विचची दोरी मनगटाला बांधा, आणि बोटीत दोनच माणसं घ्या. पोरं चढायला बघतील, चढू देऊ नका.

आधी हळू, दोन्ही बाजूंना पूर्ण वळण. मग थोडा वेग. चाकावर हात सैल ठेवून बोट सरळ जाते का बघा. अर्ध्या तासानं काठावर या, इंजिन बंद करा आणि ड्रॅग लिंकचे दोन्ही नट पान्यानं पुन्हा तपासा. नवीन जोड पहिल्या फेरीतच थोडा बसतो.

बोट परत शेडमध्ये ठेवताना दांडा पूर्ण आत घेऊन ठेवा, म्हणजे त्याच्यावर धूळ बसत नाही. आमच्या बोटीच्या आतल्या बाजूला मी ऑइलपेंटनं महिन्यांची नावं लिहून ठेवली आहेत, आणि मंडळातला ज्याच्याकडे किल्ली असेल त्यानं दर महिन्याला चाक दोन्हीकडे दहा वेळा फिरवून त्या महिन्यापुढे टिकली मारायची. फेब्रुवारी आणि मार्चपुढची जागा अजून कोरी आहे. उद्या शेडची किल्ली कुणाकडे आहे ते विचारतो.